चारही इंडिकेटर लागले की दिशा हरवते

मुंबईकडून येणारा महामार्ग हातखंब्याला पोचला की वाट फुटते. उजवीकडे वळलं की रत्नागिरी, सरळ गेलं की पाली आणि पुढे लांजा, राजापूर. जुलैच्या पावसात, वायपर पूर्ण वेगात फिरत असताना, पुढची गाडी कुठे जाणार हे कळायला मागच्या चालकाकडे एकच साधन असतं: त्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातला पिवळा दिवा. नेमक्या अशा वेळी अनेक गाड्यांचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत असतात. चालकाचा हेतू चांगलाच असतो. पाऊस कोसळतोय, आपण दिसलो पाहिजे, एवढंच त्याच्या मनात असतं. पण त्या क्षणापासून त्याच्या गाडीला डावं-उजवं सांगता येत नाही. ती वळणार की सरळ जाणार, चालते आहे की उभी आहे, यातलं काहीच मागच्याला उमगत नाही.

असं का होतं याचं उत्तर वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात शोधायला नको, ते गाडीच्या वायरिंगमध्येच आहे.

इंडिकेटरचं सर्किट गाडीतल्या सगळ्यांत साध्या सर्किटांपैकी एक. बॅटरीतून निघालेला प्रवाह चावीच्या स्विचमधून फ्यूजकडे, तिथून फ्लॅशरकडे आणि मग स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे येतो. दांडी खाली-वर केली की तो डाव्या किंवा उजव्या बाजूला वळतो. त्या बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन मोठे बल्ब, आणि असला तर कडेचा किंवा आरशावरचा एक छोटा, त्यातून जाऊन प्रवाह गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परत येतो. मोटारीतला मोठा बल्ब सहसा २१ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो. म्हणजे एका बाजूचे दोन मिळून साडेतीन अँपिअर. एसटी आणि ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असल्याने तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्मा लागतो. दुचाकीवर बल्ब लहान, बहुधा १० वॉटचे.

या सगळ्यात जीव असतो तो फ्लॅशरमध्ये. जुन्या गाड्यांत तो अंगठ्याएवढा, ॲल्युमिनियमचा गोल डबा असायचा. त्याच्या आत वेगवेगळ्या दोन धातूंची एकमेकांना घट्ट चिकटवलेली पट्टी. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त लांबतो, म्हणून पट्टी वाकते. दिव्याचा प्रवाह या पट्टीजवळून जातो, पट्टी तापते, वाकते आणि संपर्क सुटतो, दिवा विझतो. प्रवाह थांबला म्हणून पट्टी निवते, सरळ होते, संपर्क पुन्हा जुळतो आणि दिवा लागतो. पट्टीच्या या हालचालीचाच तो टकटक आवाज. ना घड्याळ, ना मोटर. केवळ उष्णतेच्या ये-जा करण्यावर चालणारं हे यंत्र कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांनी वापरलं. मला ते अजूनही मोटारीतल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतं.

पण पट्टी किती लवकर तापणार हे बल्ब किती प्रवाह घेतात त्यावर ठरतं. एक बल्ब गेला की प्रवाह घटतो, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि उरलेला दिवा मंदपणे लुकलुकतो किंवा लागून तसाच राहतो. उलट चारही दिवे एकदम लावले तर प्रवाह दुप्पट आणि उघडझाप घाईची. म्हणूनच त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चारही दिव्यांसाठी वेगळा, जास्त प्रवाह झेलणारा फ्लॅशर बसवावा लागे.

नंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. यात एक छोटा कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो; त्याला लागणाऱ्या वेळेवर लय ठरते आणि एक रिले टकटक करत दिव्यांचा प्रवाह जोडतो-तोडतो. आता लय बल्बवर अवलंबून नाही. मग एक बल्ब गेल्याचं चालकाला कळणार कसं? त्यासाठी अभियंत्यांनी जुन्या फ्लॅशरचा दोष गुण म्हणून परत आणला. फ्लॅशरमधली चिप प्रवाह मोजत राहते आणि तो अपेक्षेपेक्षा कमी दिसला की मुद्दाम लय जवळजवळ दुप्पट करते. तुमच्या गाडीचा डावा इंडिकेटर अचानक घाईघाईने टकटकू लागला, तर पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेलेला आहे, असा त्याचा सरळ अर्थ. हौसेने एलईडी बल्ब बसवणाऱ्यांना हाच अनुभव येतो. एलईडी दोन-तीन वॉटवर भागवतो, चिपला वाटतं बल्ब उडाला, आणि दिवा धडधडू लागतो. मग काही जण बल्बला समांतर रेझिस्टर जोडतात. तो रेझिस्टर चांगलाच तापतो. प्लॅस्टिकला किंवा वायरीला टेकला तर ते वितळवतो. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर बसवणं हा त्याहून कितीतरी चांगला उपाय. अलीकडच्या गाड्यांत तर रिलेही नसतो. मध्यवर्ती संगणक दिवे लावतो आणि टकटक स्पीकरमधून ऐकवतो, कारण इंडिकेटर चालू राहिल्याची आठवण कानाला लागते.

रत्नागिरीत मात्र इंडिकेटर बिघडण्याचं नेहमीचं कारण बल्ब किंवा फ्लॅशर नसतं. ते असतं अर्थ, म्हणजे दिव्याची पत्र्याशी असलेली जोडणी. वर म्हटलं तसं, दिव्यातून गेलेला प्रवाह पत्र्यातून परत येतो. पत्र्याला जिथे वायर स्क्रूने आवळलेली असते तिथे गंज चढला की परतीची वाट अडते. मांडवी, मिऱ्या, भाट्ये, कुठेही गाडी उभी करा. समुद्रावरचा खारा वारा चोवीस तास पत्र्यावर काम करत असतो, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस त्याला साथ देतो. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर, होल्डरमध्ये तांबूस पावडर, दिव्याच्या काचेआड साचलेलं पाणी, हे आपल्याकडे दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या कुठल्याही गाडीत सापडेल.

अर्थ तुटला की प्रवाह गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधतो. मागच्या दिव्याच्या एकाच घरात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल असे तिन्ही बल्ब असतात आणि त्यांचा अर्थ एकच असतो. तो गेला की इंडिकेटरचा प्रवाह उलटा टेलच्या तारेतून शिरतो आणि पलीकडच्या बाजूच्या दिव्यातून पत्र्यापर्यंत पोचतो. मग इंडिकेटर दिला की टेललाइट मंद लुकलुकते, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो, असले चमत्कार दिसू लागतात. मागून येणाऱ्याला अर्थातच काही कळत नाही. असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका. अर्थचा स्क्रू काढून, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, पुन्हा घट्ट आवळा आणि वर थोडं व्हॅसलीन चोपडा. वायरमनकडे हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पावसाळ्याआधी ते करून घेणं मी ब्रेक तपासण्याइतकंच महत्त्वाचं मानतो.

दिवा लुकलुकता का, आणि पिवळाच का? आपली नजर समोर रोखलेली असताना डोळ्याच्या कडेला रंग आणि तपशील नीट कळत नाहीत, पण बदल मात्र चटकन कळतो. स्थिर दिवा इतर दिव्यांच्या गर्दीत हरवतो. उघडझाप करणारा हरवत नाही. लय फार संथ असेल तर दोन उजेडांमधल्या अंधारात मागचा चालक नजर फिरवून मोकळा होतो. फार जलद असेल तर उघडझापा एकमेकींत मिसळतात आणि तापून उजळणाऱ्या जुन्या बल्बला तर पुरतं विझायलाही वेळ मिळत नाही. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ ने मिनिटाला ६० ते १२० उघडझापा अशी मर्यादा घातली आहे आणि रंग पिवळसर केशरी ठरवला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांविषयीच्या नियमावलीतही हेच प्रमाण आहे: ९०, त्यात ३० कमी किंवा जास्त. लाल रंग ब्रेकचा, पांढरा पुढच्या दिव्याचा. पिवळा तेवढा दिशेसाठी राखून ठेवलेला. तो नुसता ठेवलेलाच नाही, तर जपलेलाही आहे. पिवळ्या काचेच्या २१ वॉटच्या बल्बच्या पिना मुद्दाम तिरप्या कोनात बसवतात, जेणेकरून त्याच्या होल्डरमध्ये साधा पांढरा बल्ब बसूच नये.

या दिव्याआधी हात होता. १९८९ च्या रस्त्यांविषयीच्या विनियमांत हाताच्या खुणा तपशीलवार दिल्या होत्या: उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा बाहेर, तळवा पुढे, डावीकडे वळायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात अर्धवर्तुळात मागे-पुढे हलवायचा. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांच्या दरवाजांमधल्या खांबात एक छोटा दांडा दडलेला असे. बटण दाबलं की तो आडवा बाहेर यायचा आणि आत दिवा लागायचा. लुकलुकणारा विजेचा इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९ मध्ये केली. वळण संपल्यावर तो आपोआप बंद करण्याची युक्तीही लवकरच आली. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक उंचवटा असतो. चाक परत फिरताना तो इंडिकेटरच्या दांडीची खिटी उचलतो आणि दांडी मधल्या जागी येते. चाक पुरेसं फिरलंच नाही तर खिटी उचलली जात नाही. त्यामुळे चौपदरी रस्त्यावर नुसती लेन बदलली की इंडिकेटर चालूच राहतो, आणि मागचा चालक पुढचे दोन किलोमीटर तुमच्या वळण्याची वाट पाहतो. दुचाकीवर बहुतेक वेळा ही सोयच नसते. तिथे वळून झाल्यावर अंगठ्याने बटण दाबणं हाही वळण्याचाच भाग समजायला हवा.

हाताने दिलेली एक खूण मात्र दिव्यात उतरताना बिघडली. घाटात पुढचा ट्रक मागच्याला 'जा पुढे' म्हणतो तेव्हा काही चालक उजवा इंडिकेटर देतात, काही डावा. हात हलवून सांगितलेल्या परवानगीत गोंधळ नव्हता. दिव्यात तो आहे, कारण उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडे येतोय' हा त्याचा खरा अर्थ मरत नाही. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देत असेल तर तो तुम्हाला वाट देतोय की समोरच्या खड्ड्याला वळसा घालतोय हे मागून ठरवता येत नाही. अशा वेळी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसेपर्यंत मागे राहावं.

आता चारही दिवे एकदम लावणाऱ्या लाल त्रिकोणाच्या बटणाकडे येऊ. हे बटण दाबलं की दोन गोष्टी घडतात. एक, फ्लॅशरला मिळणारा प्रवाह चावीच्या स्विचमधून न येता थेट बॅटरीच्या फ्यूजवरून येऊ लागतो, म्हणून चावी काढली तरी दिवे चालतात. दोन, डाव्या आणि उजव्या बाजूच्या वायरी एकत्र जोडल्या जातात. ज्या बाजूंना वेगळं ठेवण्यासाठी सगळं सर्किट आखलं, त्या एक होतात. बहुतेक गाड्यांत यानंतर दांडी कुठेही ढकला, फरक पडत नाही. ही रचनाच सांगते की हे बटण चालत्या गाडीसाठी नाही. चावी काढलेल्या, दिशा नसलेल्या गाडीसाठी ते आहे. नियम १०२ सुद्धा हेच म्हणतो: गाडी जागेवर अडकून पडली असताना सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकून इतरांना धोक्याची सूचना देतील, अशी सोय असावी.

तरीही चौकातून सरळ जायचं म्हणून चारही दिवे लावणारे रोज दिसतात. रत्नागिरीतल्या मारुती मंदिरच्या सर्कलला हे पाहून मी दरवेळी अस्वस्थ होतो. कडेच्या रस्त्यावर थांबलेल्या दुचाकीस्वाराला त्या गाडीचा एकच कोपरा दिसतो आणि त्या कोपऱ्यातला एकच दिवा लुकलुकताना दिसतो. त्याच्यासाठी तो साधा इंडिकेटर आहे. गाडी वळणार असं समजून तो पुढे निघतो, आणि ती सरळ त्याच्या अंगावर येते. सरळ जायला कोणताही दिवा लागत नाही.

घाटातलं धुकं हा याहून गंभीर प्रसंग. कशेडीच्या जुन्या रस्त्यावर किंवा आंबा घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतो आणि वीस-पंचवीस फुटांपलीकडचं दिसेनासं होतं. चारही दिवे लावून चालणाऱ्या गाड्यांच्या रांगेत काही वेळाने सगळ्यांची नजर मरते. लुकलुकणारे पिवळे दिवे म्हणजे चालती गाडी, असं मन धरून चालतं. मग वळणापलीकडे ॲक्सल तुटून खरोखर उभा असलेला ट्रक तेच दिवे लावून थांबलेला असतो. त्याच्याकडे 'मी उभा आहे' हे सांगायला दुसरी खूण उरलेली नसते. ती आधीच्या दहा गाड्यांनी वापरून टाकलेली असते. शिवाय लुकलुकत्या पिवळ्याशेजारी ब्रेकचा लाल दिवा लागल्याचं उशिरा ध्यानात येतं.

पिवळा उजेड धुकं भेदतो, असंही अनेकांना वाटतं. ते खरं नाही. धुक्याचे थेंब साधारण दहा मायक्रॉनच्या घरातले, कधी त्याहून मोठे. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी एक मायक्रॉनच्याही बरीच आत. तरंगलांबीच्या मानाने थेंब इतके मोठे असले की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोगी पडतात ते खाली वळवलेले हेडलाइट, त्यांच्याबरोबर लागणारे मागचे लाल दिवे, असले तर फॉग लॅम्प आणि कमी केलेला वेग. अप्पर लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो.

चालत्या गाडीने चारही दिवे लावण्याला एक अपवाद समजूतदार आहे. वेगात असताना पुढची वाहतूक अचानक थांबली तर मागच्याला सावध करण्यासाठी काही सेकंद ते लावावेत. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही द्रुतगती मार्गांवर तेवढी मुभा आहे. काही नव्या गाड्या जोरात ब्रेक दाबल्यावर हे आपोआप करतात, आणि तेव्हा लय सेकंदाला चारच्या आसपास ठेवतात, म्हणजे ती नेहमीच्या उघडझापीपासून वेगळी ओळखू येते. जपानमध्ये वाट दिल्याबद्दल आभार म्हणून दोन-तीनदा चारही दिवे लुकलुकवतात. तिथे ती सर्वांना ठाऊक असलेली खूण आहे. आपल्या घाटांत तसा काही करार झालेला नाही.

गाडी खरोखरच बंद पडली तर मात्र हे बटण सगळ्यांत आधी दाबायचं. कागदावर हिशेब करून पाहा. २१ वॉटचे चार आणि ५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९४ वॉट. निम्मा वेळ विझलेले, म्हणून सरासरी ४७ वॉट, म्हणजे जवळपास चार अँपिअर. छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत अर्धी होते आणि जुनी असेल तर त्यानंतर इंजिन सुरू करायला पुरत नाही. रात्री घाटात अडकलात तर हे ध्यानात ठेवून मदत लवकर बोलवा, पण बॅटरी वाचवायला दिवे मात्र बंद करू नका.

दिवे एकटे पुरत नाहीत, कारण वळणामागे ते दिसतच नाहीत. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. चालकाला भान येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. ओल्या डांबरावर थांबायला आणखी ३५. एकूण ६० मीटर, आणि उतारावर त्याहूनही जास्त. म्हणजे परावर्तक त्रिकोण गाडीला टेकून ठेवण्यात अर्थ नाही. तो किमान ६० मीटर मागे, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवायचा. ट्रकवाले दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. फांदीचा हिरवा पाला दिवसा उपयोगी पडतो, पण ट्रक निघून गेल्यावर रस्त्यातच राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो. ते दगड उचलणं त्याच चालकाचं काम आहे.

आंब्याच्या दिवसांत रात्रभर वाशीकडे धावणारी पिकअप असो, गणपतीला गावी येणारी मोटार असो की रोज कुवारबावहून शहरात येणारी स्कूटर, एवढं करा. आज संध्याकाळी चावी काढून लाल त्रिकोणाचं बटण दाबा आणि गाडीला एक फेरी मारा. मोजून सगळे दिवे लागतात का, सारख्याच उजेडाने लागतात का, काचेआड पाणी नाही ना, ते पाहा. दुचाकीला हे बटण नसेल तर डावा-उजवा इंडिकेटर आळीपाळीने लावून तपासा. मग ते बटण बंद करा, आणि गाडी रस्त्यात अडकेपर्यंत त्याला हात लावू नका. वळायच्या आधी किमान तीन सेकंद, म्हणजे चार-पाच उघडझापा होतील इतका वेळ, फक्त एका बाजूचा इंडिकेटर द्या.